तीनशे डॉलरचा वर्ग

२०२५च्या जानेवारीत एका रविवारी रात्री माझा धाकटा जेवता जेवता म्हणाला, "अम्मी, आज बर्फाने आवाज केला. आम्ही तिघे सपाटीवरून चाललो होतो आणि पायाखाली एकदम 'वुम्फ' झालं. तळघरात कुणी दार आपटावं तसं. थोडं खाली बसल्यासारखं पण वाटलं." त्याला मजा वाटली होती. मलाही वाटली. मी त्याच्या ताटात अजून थोडी डाळ वाढली आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना मी ही गोष्ट एका सहकारी बाईला सहज सांगितली. त्या गेली वीसेक वर्षे डोंगरात स्कीइंग करतात. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि विचारले, "मग ते परत फिरले ना?" मी म्हटले, नाही, पुढे जाऊन दोनदा उतरून आले. त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "तो आवाज म्हणजे खालचा कच्चा थर मोडल्याचा आवाज असतो. सपाटीवर होते म्हणून फक्त आवाज झाला. उतारावर असते तर सगळाच बर्फ निघाला असता."

त्या दुपारी माझ्याकडून हिशेबाच्या कामात दोन चुका झाल्या.

थोडे मागचे सांगते. आम्ही कॅलगरीला राहतो. मुलगा इथेच वाढला. शाळेच्या सहलीत त्याला स्कीइंगची गोडी लागली ती सुटली नाही. पण मोठ्या स्की रिसॉर्टचे एका दिवसाचे तिकीट दीडशे डॉलरच्या वर जाते. आमच्यासारख्या घरात ते वर्षातून एकदा, फार तर दोनदा. मग कॉलेजात त्याला मित्र भेटले आणि त्यांनी नवा रस्ता दाखवला. स्कीच्या तळाला कातड्यासारखी पट्टी चिकटवायची, पायाने डोंगर चढायचा, पट्टी काढायची आणि खाली उतरायचे. पाळणा नाही, तिकीट नाही, गर्दी नाही. ह्याला बॅककंट्री म्हणतात. डोंगर फुकट! वापरलेली स्की त्याने साठवलेल्या पैशातून घेतली. मला वाटले, पोरगा काटकसरी निघाला.

फुकट डोंगराची खरी किंमत अशी, की तिथे तुमच्या आधी कुणी उतार तपासलेला नसतो. रिसॉर्टवर पहाटे माणसे जाऊन स्फोटके लावून धोक्याचा बर्फ आधीच पाडून टाकतात. ते काम दीडशे डॉलरच्या तिकिटात असते. बॅककंट्रीत ते काम तुमच्या डोक्याने करायचे असते, आणि त्यासाठी डोक्यात काहीतरी असावे लागते.

रात्री घरात बैठक बसली. ह्यांचे म्हणणे एकच, बंद. स्की विकून टाक. मुलगा गप्प. मी कोकणातली, महाड तालुक्यातली. सावित्रीच्या काठावर वाढले. पावसाळ्यात नदीत उतरायचे नाही असे आमच्या अब्बांनी माझ्या भावांना दरवर्षी बजावले आणि दरवर्षी ते उतरले, फक्त घरी सांगितले नाही. वीस वर्षांच्या मुलाला बंद म्हटले तर जे बंद होते ते आपल्याला सांगणे. मी म्हटले, वर्ग कर. वर्ग होईपर्यंत डोंगर नाही. तो म्हणाला, "मान्य. पण अम्मी, पैसे?"

इथून आमचा शोध सुरू झाला.

कॅनडात ह्या पहिल्या वर्गाला एएसटी-१ म्हणतात. अॅव्हलांच स्किल्स ट्रेनिंग, पायरी पहिली. निदान दोन दिवसांचा असतो: एक दिवस वर्गात, एक दिवस बर्फात. अभ्यासक्रम अॅव्हलांच कॅनडा ही ना-नफा संस्था ठरवते, तिचे मुख्यालय ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोक गावात आहे. पण शिकवतात वेगवेगळे गाइड आणि छोट्या कंपन्या, आणि किंमत ज्याची त्याची. मी चार ठिकाणी फोन केले. तीनशेच्या खाली कुणी नव्हते, एकाने जवळजवळ चारशे सांगितले. वर बीकन, प्रोब आणि फावडे ह्या तीन वस्तू प्रत्येकाकडे असल्याच पाहिजेत. नव्या घेतल्या तर पाचशे-सहाशे डॉलर, भाड्याने घेतल्या तर दर खेपेला वेगळे पैसे. पेट्रोल वेगळे. त्या वर्षी आमच्या घराच्या कर्जाचे नूतनीकरण झाले होते आणि हप्ता चांगलाच वाढला होता. हजार डॉलर म्हणजे आमच्याकडे गंमत नाही.

एका ठिकाणी मी आगाऊ रक्कम भरूनही टाकली. आठ दिवसांनी कळले की पुरेशी मुले जमली नाहीत म्हणून वर्ग रद्द. पैसे परत नाहीत, पुढच्या हंगामात वापरा म्हणाले. तीन मेल आणि दोन फोन केल्यावर परत मिळाले. हे एवढ्यासाठी सांगते की पैसे भरण्याआधी वर्ग रद्द झाल्यास काय, हे विचारून घ्या. मी विचारले नव्हते.

खरे सांगायचे तर वर्ग महाग का, हे मला पुढे पटले. शिकवणाऱ्याला स्वतःला बरीच वर्षे आणि बरेच पैसे घालून वरचे व्यावसायिक शिक्षण घ्यावे लागते. विमा असतो, परवाने असतात, आणि बर्फात एका शिक्षकामागे ठरावीकच माणसे नेता येतात. तीस मुलांना एकदम कोंबता येत नाही. पण पटले म्हणून पैसे थोडेच उगवतात?

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. जे फुकट आहे ते आधी संपवू, उरलेल्यासाठी पैसे जमवू. आणि फुकट खूप होते, हे मला माहीतच नव्हते. अॅव्हलांच कॅनडाच्या साइटवर 'अॅव्ही सॅव्ही' नावाचा पाठांचा संच आहे, कुणीही घरी बसून करावा. अमेरिकेतल्या युटाहून निघालेला 'नो बिफोर यू गो' नावाचा कार्यक्रम आहे, त्याचे व्हिडिओही फुकट. हिवाळ्यात रोज हिमस्खलनाचा अंदाज निघतो, बॅन्फच्या राष्ट्रीय उद्यानाचा वेगळा, कनानास्किसचा वेगळा, आणि तो वाचायला दमडी लागत नाही. कॅलगरीच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व फुकट आहे, तिथून ब्रूस ट्रेम्परचे 'स्टेइंग अलाइव्ह इन अॅव्हलांच टेरेन' आणले. हा माणूस अनेक वर्षे युटाच्या हिमस्खलन केंद्राचा संचालक होता. पुस्तक मुलासाठी आणले होते, त्याच्याआधी मीच वाचून काढले.

मला आधी वाटायचे, हिमस्खलन म्हणजे वरून कुठून तरी बर्फ घरंगळत येतो आणि बिचारी माणसे खाली सापडतात. तसे क्वचित होते. ज्यात माणसे मरतात त्या दहापैकी नऊ वेळा तो बर्फ त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेला असतो. बर्फ थरांनी साचतो. प्रत्येक वादळाचा एक थर, प्रत्येक थंडीचा, प्रत्येक उन्हाचा वेगळा. वरचा थर घट्ट फरशीसारखा झाला आणि त्याच्याखालचा थर कच्चा राहिला, तर फरशी नुसती टेकलेली असते. माणसाचे वजन पडले की खालचे मोडते, आणि ते मोडणे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पन्नास-शंभर मीटर पसरते. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल तर फरशी सुटते. नेमका हाच उतार स्कीइंगला सगळ्यात छान असतो.

आमच्या बाजूच्या रॉकी पर्वतात आणखी एक भानगड आहे. इथे बर्फ थोडा पडतो आणि थंडी भयंकर. जमीन शून्याच्या आसपास, वरची हवा उणे पंचवीस. मधल्या पातळ बर्फातून खालची वाफ वर सरकत राहते आणि तळाच्या बर्फाचे हळूहळू दाणेदार खडे होतात. हातात घेतले तर मोठ्या दाण्याची साखर. मूठ वळत नाही, गोळा होत नाही. हंगामाच्या सुरुवातीला बनलेला हा साखरेचा थर महिनोन् महिने तळाशी पडून राहतो आणि त्याच्यावर अख्खा हिवाळा रचला जातो. माझ्या पोराने जे दार आपटल्यासारखे ऐकले ते बहुधा हे होते.

आणि धोक्याचे पाच क्रमांक. एक म्हणजे कमी, पाच म्हणजे अतिधोका. मला वाटले होते चार-पाचला माणसे मरत असतील. पाचला कुणी घराबाहेर पडत नाही. उत्तर अमेरिकेत सर्वात जास्त बळी जातात ते तीन क्रमांकाच्या दिवशी. ऊन पडलेले असते, ताजा बर्फ असतो, आकडा मधला दिसतो. आपण परीक्षेच्या गुणांसारखे वाचतो, पाचात तीन म्हणजे ठीक आहे. ते ठीक नसते.

ह्या वाचनात माझीच एक जुनी गोष्ट उघडी पडली. काही वर्षांपूर्वी आम्ही मशिदीतल्या ओळखीच्या चार बायका हिवाळ्यात लेक लुईसला गेलो होतो. पायाला जाळीचे बूट बांधून लेक अॅग्नेसच्या वाटेला लागलो. उन्हाळ्यात तिथे चहाचे हॉटेल असते, लहान मुलेसुद्धा जातात. थकलो म्हणून अर्ध्यातून परतलो आणि फोटोत हसत उभ्या आहोत. आता कळले, हिवाळ्यात ती वाट हिमस्खलनाच्या पट्ट्यांतून जाते आणि उद्यानवाले तसा इशाराही देतात. पाटी असणारच. आम्ही वाचली नव्हती. आमच्यातल्या एकीलाही स्की कशाला म्हणतात हे माहीत नव्हते, म्हणजे हा विषय फक्त स्कीवाल्या पोरांचा आहे असे समजू नका. आपली माणसे इथे नवीन येतात, पाहुणे आले की पहिल्यांदा डोंगर दाखवायला नेतात. त्या रोजच्या अंदाजाचे पान बघायला स्की लागत नाही.

वर्ग शेवटी त्याच्या विद्यापीठातच सापडला. बाहेरच्या खेळांचा विभाग तिथे असतो, सामान भाड्याने देतो आणि विद्यार्थ्यांसाठी हा वर्गही घेतो, बाहेरच्यापेक्षा कमी पैशात. आम्ही महिनाभर शहर धुंडाळत होतो आणि वर्ग त्याच्या लेक्चर हॉलपासून दहा मिनिटांवर होता. जानेवारी-फेब्रुवारीच्या सगळ्या जागा भरलेल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक मोकळी होती. कॅलेंडर बघितले तर रमजान.

पैशांसाठी त्याने फावडे हातात घेतले. कॅलगरीत घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ चोवीस तासांत काढायचा नियम आहे आणि आमच्या गल्लीत म्हातारी माणसे बरीच. एका घराचे पंधरा डॉलर. फेब्रुवारीत दोन वेळा चांगला बर्फ पडला, एकदा चिनुक आला. चिनुक म्हणजे पर्वतावरून उतरणारा गरम वारा, एका दिवसात सगळा बर्फ पिऊन टाकतो. शहर खूश, माझा पोरगा एकटा खिडकीत तोंड पाडून उभा. तरी वर्गाचे निम्मे पैसे त्याने काढले, निम्मे मी घातले. बीकन, प्रोब आणि फावड्यासाठी ह्यांनी पाकीट उघडले, काही न बोलता. बीकन जुने घेऊ नकोस एवढेच त्या सहकारी बाईंनी बजावले होते. स्की जुनी चालते, बूट जुने चालतात, बीकन कुणाचे, किती वर्षांचे, पडलेले-आपटलेले हे माहीत नसेल तर नको.

वर्गाचा पहिला भाग दोन संध्याकाळी ऑनलाइन होता. तो जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर लावून बसायचा आणि मी त्याच्या मागे समोसे भरत बसायचे, रमजानची तयारी. कॅमेऱ्यात येऊ नकोस म्हणाला, म्हणून मी खुर्ची जरा सरकवली.

शिक्षकाने २००३ची गोष्ट सांगितली. १ फेब्रुवारीला कॅलगरीच्या दक्षिणेकडच्या एका शाळेची दहावीची मुले रॉजर्स पासला स्की सहलीला गेली होती. सतराजणांचा गट हिमस्खलनात सापडला. जवळच असलेल्या दोन गाइडनी धावत येऊन बर्फ उपसला आणि बऱ्याच जणांना बाहेर काढले, तरी सात मुले गेली. त्याच्या बाराच दिवस आधी त्याच भागात दुसऱ्या एका हिमस्खलनात सात माणसे गेली होती. लोक हादरले, आईबापांनी प्रश्न विचारले, आणि पुढच्या वर्षी, २००४मध्ये, देशाचे हिमस्खलन केंद्र उभे राहिले. तेच आजचे अॅव्हलांच कॅनडा. म्हणजे मी जो फुकटचा अंदाज रोज सकाळी वाचत होते तो कुणाच्या तरी मुलांनंतर आलेला आहे.

त्याच खिंडीत १९१० साली रेल्वेचा रूळ मोकळा करताना अठ्ठावन्न कामगार गाडले गेले. त्यांत बत्तीस जपानी होते. परदेशातून मजुरीला आलेली माणसे. शिक्षकाने हे एका वाक्यात सांगून पुढची स्लाइड लावली. मी मात्र तिथेच अडकले, हातातला समोसा तसाच.

वर्गात एक संध्याकाळ माणसाच्या डोक्यावर होती. हिमस्खलनात मेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना बर्फाची माहिती होती, वर्ग केलेले होते. मग का गेले? ओळखीचा डोंगर म्हणून. आधीच कुणाच्या तरी स्कीच्या खुणा दिसल्या म्हणून. एवढ्या लांब आलो तर उतरूनच जाऊ म्हणून. गटात एक हुशार आहे, तो बघेल म्हणून. आणि 'मला भीती वाटते' हे सगळ्यांसमोर कसे म्हणायचे म्हणून. मला वाटले, हा बर्फाचा वर्ग आहे की आमच्या लग्नातल्या खर्चाचा?

बर्फातल्या दिवसाआधी सराव म्हणून तो आणि त्याचा मित्र शेजारच्या शाळेच्या मैदानावर गेले, मी पण गेले. बीकन हे छोटे यंत्र अंगावर बांधायचे असते, ते सतत ४५७ किलोहर्ट्झवर आवाज देत राहते. कुणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपले यंत्र शोधण्यावर टाकायचे. बाण आणि आकडा दिसतो. फोन लांब ठेवायचा, नाहीतर यंत्र गोंधळते. मित्राने एक बीकन पिशवीत घालून पार्किंगच्या कडेला नांगराने लोटलेल्या बर्फाच्या ढिगात पुरले. कुठे ते मला माहीत नव्हते.

माझ्या हातात यंत्र दिले. चाळीस, अडतीस, बेचाळीस. उलटी चालले होते. वळले. वीस, बारा, सहा. तीन मीटरच्या आत आले की हळू व्हायचे, यंत्र बर्फाला टेकवून कमीत कमी आकडा शोधायचा, मग प्रोबची लांब काठी गोल गोल, वीतभर अंतराने खुपसत जायची. काठी मऊ कशाला तरी लागली तेव्हा मुलगा घड्याळ बघून म्हणाला, "नऊ मिनिटं."

फक्त शोधायला. खणायचे बाकीच होते.

काठी तशीच ठेवून तिच्या खालच्या अंगाने खणायचे, बर्फ मागे ढकलत. तो ढिगाचा बर्फ दगडासारखा होता. खरा थांबलेला हिमप्रपातही असाच घट्ट होतो म्हणे, सिमेंट ओतल्यासारखा. दहा मिनिटांच्या आत बाहेर काढला तर बहुतेक माणूस वाचतो, पस्तीस मिनिटांनी दहातले तीन. कॅनडात तर मरणाऱ्यांपैकी साधारण चौथा माणूस गुदमरून नाही, झाडाखडकावर आपटूनच जातो, त्याला बीकनचा उपयोग नाही. मी खणत होते आणि पिशवी बाहेर आली तेव्हा सतरा मिनिटे झाली होती. मुलगा हसत म्हणाला, "अम्मी, मी गेलो." त्याच्या मित्रालाही हसू आले. मी त्याला एक फटका दिला, खरोखरचा, पाठीत.

त्यांना काय माहीत मला काय दिसत होते. २२ जुलै २०२१ला आमच्या तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून जास्त माणसे गेली. महाडात त्याच दिवशी पुराचे पाणी शिरलेले, रस्ते तुटलेले, फोन बंद. बाहेरची मदत पोचेपर्यंत वेळ गेला. मी इथे रात्रभर फोन धरून बसले होते, माझा भाऊ दोन दिवसांनी बोलला तेव्हा त्याला आवाज नव्हता. दरडीचा चिखल वेगळा आणि हा बर्फ वेगळा, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. जो बाजूला उभा आहे तोच वाचवू शकतो. हेलिकॉप्टर येते ते बहुतेक वेळा प्रेतासाठी. म्हणून हे वर्गवाले सारखे सांगतात, तुझे बीकन तुझ्यासाठी नाही, तुझ्या मित्रासाठी आहे.

त्यानंतर आम्ही आणखी तीनदा त्या मैदानावर गेलो. माझी वेळ शोधायला साडेचार मिनिटांवर आली. त्याची दोनवर.

बर्फातला दिवस रविवार, २ मार्च. दुसरा रोजा. जागा बो समिट, बॅन्फच्या पुढे, कॅलगरीहून दोनशे किलोमीटरच्या वर. आदल्या रात्री तरावीहहून आल्यावर घरात वाद झाला. त्याला रोजा सोडायचा नव्हता. वर्गात तो एकटाच मुसलमान होता आणि सगळ्यांसमोर सँडविच खायचे त्याला बरे वाटेना. मी म्हटले, तू मुसाफिर आहेस, सवलत आहे, नंतर एक ठेव. तो म्हणाला, "मी फुटबॉल खेळतो रोज्यात. मला काही होत नाही." फुटबॉलात चूक झाली तर गोल होतो, मी म्हटले. उणे अठरात आठ तास डोंगर चढून उपाशी माणूस चौथ्या तासाला नीट विचार करतो का, एवढेच सांग. ह्यांनी पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. म्हणाले, सवलत अल्लाहने दिलीय ती वापरायला लाज कसली.

फोनवर माझ्या आईनेही ऐकले. ती म्हणाली, "अल्लाहवर सोड गो, तो राखणारा आहे." मग थोड्या वेळाने तिचीच पुढची ओळ आली, "पण उंट बांधून." उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची ती हदीस आमच्याकडे तिने आम्हाला लहानपणी एवढ्या वेळा ऐकवली आहे की आता नुसते 'उंट' म्हटले तरी चालते. कुलूप लावलेस का, औषध घेतलेस का, सगळ्याला उंट.

पहाटे त्याने सहरीसारखेच पोटभर खाल्ले आणि थर्मास भरून निघाला. संध्याकाळी आला तो बोलतच. दुपारी बाकीच्यांबरोबर जेवला होता. मी काही विचारले नाही, त्यानेच सांगितले. त्यांनी बर्फात माणूसभर खड्डा खणला, भिंत ब्रशने साफ केली आणि थर बोटांनी दाबत खाली गेले. वर एक बोट जाईल इतका, मध्ये पेन्सिल जाईल इतका कठीण, आणि तळाशी साखर. फावडे वर ठेवून त्याच्यावर हाताने दहा वेळा हलके, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून मारायचे. त्यांचा ठोकळा कोपराच्या चौथ्या ठोक्याला निसटून खाली आला, ड्रॉवर उघडल्यासारखा. "अम्मी, तू बघायला हवं होतंस," तो म्हणाला. पण शिक्षकाने लगेच बजावले होते, एका खड्ड्यावरून अख्ख्या डोंगराचा निकाल देऊ नका. वर्ग तुम्हाला 'जा' सांगायला नाही, कुठे जायचे नाही ते ओळखायला आहे.

वर्ग झाला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे नाही. जानेवारीत तिघे होते. एक मित्र तोच मैदानावरचा, त्याने आधीच वर्ग केला होता, पण आवाज आला त्या दिवशी तोही गप्प राहिला होता. तिसऱ्याने वर्ग केला नाही. त्याची अडचण पैशांचीच होती, तो बाहेरच्या देशातून शिकायला आलेला, फी भरताना मेटाकुटीला येतो. माझ्या मुलाने त्याला अॅव्ही सॅव्हीचे पाठ करायला लावले, मैदानावर सरावाला बोलावले. तो एकदा आला, दुसऱ्यांदा नाही. मग मुलाने त्याला सांगितले, तू शोधायला शिकत नाहीस तोवर मी तुझ्याबरोबर येणार नाही, कारण मी गाडला गेलो तर मला शोधणारा तू आहेस. भांडण झाले. तो मुलगा आमच्या घरी इफ्तारला यायचा, यायचा बंद झाला. मला फार वाईट वाटले. अजून वाटते. आपल्या मुलाचा वर्ग झाला आणि त्याचा नाही, मधे फक्त तीनशे डॉलर. मी पुढच्या हंगामात त्याचे निम्मे पैसे घालेन असे निरोप पाठवला आहे. उत्तर आलेले नाही.

ईदनंतर पहिल्या रविवारी दोघेच गेले. सकाळी अंदाज मी पण वाचला: वर तीन, झाडीत दोन. जाताना त्याने कागदावर लिहून फ्रिजवर लावले, कुठली वाट, किती वाजता परत, किती वाजेपर्यंत नाही आलो तर कुणाला फोन. संध्याकाळी सहाची वेळ लिहिली होती.

पावणेतीनला दाराची किल्ली वाजली. दोघे आत आले, चेहरे पडलेले. झाडी संपते तिथपर्यंत चढले होते. वरचा उतार उन्हात चमकत होता, त्यावर कुणाच्या तरी ताज्या खुणाही होत्या. पण ऊन चढले होते, वरच्या कड्यावरून बर्फाचे गोळे सुटायला लागले होते, आणि ह्याने थांबून म्हटले, मला नको वाटते. मित्र काही न बोलता पट्ट्या काढायला लागला. दोन तास गाडी, तीन तास चढ, आणि झाडीतून दहा मिनिटांचे उतरणे. त्या उतारावर त्या दिवशी काही झाले की नाही, मी दोनदा तपासले. कुणीच काही नोंदवले नव्हते. म्हणजे कदाचित उतरले असते तरी चालले असते.

"फुकट गेला दिवस," तो म्हणाला आणि बूट काढायला लागला. मी तवा ठेवला. घावणे आणि जवळ्याची चटणी होती. त्या मित्राने चटणी पहिल्यांदा खाल्ली, डोळ्यात पाणी आले त्याच्या, आणि तरी दुसऱ्यांदा मागून घेतली.